घडीचा पडदा : एका शोधाची पूर्वपीठिका

आपल्या घरांतील किती वस्तु घडीच्या आधारानें नांदतात, याचा आपण सहसा विचार करीत नाहीं. लुगडें घडी करून पेटींत ठेवावें, पंचा घडी करून खांद्यावर टाकावा, पत्र घडी करून पाकिटांत घालावें, नकाशा घडी करून खिशांत ठेवावा. मोठी वस्तु लहान जागेंत मावावी आणि वेळ येतांच पुन्हा मोठी व्हावी, यासाठीं मनुष्यानें योजिलेला अतिशय जुना उपाय म्हणजे घडी. परंतु या उपायाला एक किंमत द्यावी लागते. जुनीं दप्तरें हाताळणाऱ्या प्रत्येक संशोधकास ती ठाऊक असते. दोनशें वर्षांपूर्वींचें पत्र रुमालांतून काढून हलक्या हातानें उलगडावें, तर शाई अद्यापि काळी असते, अक्षर सुवाच्य असतें, आणि नेमका घडीवरचा शब्द तेवढा नाहींसा झालेला असतो. बाकीचा कागद काळाशीं झुंजत टिकून राहतो. तो हार खातो ती घडीच्या रेघेवर.

ही जुनी अडचण अलीकडे एका अगदीं नव्या वस्तूच्या वाट्यास आली आहे. इ. स. २०१८ च्या अखेरीस पुस्तकाप्रमाणें मिटणारा व उघडणारा मोबाईल फोन प्रथम बाजारांत आला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तो आपल्याकडील घरांतहि दिसूं लागला. शिक्षकाच्या पेशांतून निवृत्त झालेल्या आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांना त्यांच्या कन्येनें असा फोन आणून दिला. त्यांनीं तो उघडला, मोठ्या झालेल्या पडद्यावरचीं ठसठशीत अक्षरें पाहून ते संतुष्ट झाले. पण लगेच त्यांचें बोट पडद्याच्या मध्यावरील किंचित् खोलगट रेघेवर गेलें. दोनतीनदां त्या रेघेवरून बोट फिरवून त्यांनीं विचारलें, “हें येथून किती दिवसांनीं फाटेल ग?” कन्या हंसली. आम्हांस मात्र तो प्रश्न हंसण्यासारखा वाटला नाहीं. कारण या पडद्याचा सारा इतिहास पाहूं गेल्यास तो या एका प्रश्नाचें उत्तर शोधण्याचाच इतिहास आहे.

सर्वसाधारण समजूत अशी आढळते कीं, वांकणारा पडदा ही गेल्या पांचसात वर्षांतील एखाद्या कंपनीची करामत आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर बसविलेला आणि वांकविला तरी उजेड देत राहणारा दिवा इ. स. १९९२ सालींच प्रयोगशाळेंत तयार झाला होता. तेथून घडीचा फोन दुकानांत येईपर्यंत सव्वीस वर्षें लोटलीं. या सव्वीस वर्षांत काय चाललें होतें, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर थोडक्यांत असें कीं, एकदां वांकणें व रोज वांकणें यांमधील अंतर कापलें जात होतें.

रॉचेस्टर शहरांतील दोन क्रांत्या

या कथेचा आरंभ अमेरिकेंतील रॉचेस्टर या शहरांत करणें सोयीचें आहे. कारण एकाच शहरांत व एकाच कंपनीच्या छत्राखालीं कठीण कांचेला पर्याय शोधण्याचे प्रयत्न दोनदां फळास आले. लवचिक पट्टी येण्यापूर्वींच्या काळांत छायाचित्र बहुधा उमटावयाचें तें कांचेवर. छायाचित्रकारानें जड, ठिसूळ कांचा पेटींत भरून हिंडावें, अशी स्थिति होती. जॉर्ज ईस्टमन यानें प्रथम कागदावर रासायनिक लेप देऊन तो गुंडाळण्याची युक्ति काढली. इ. स. १८८८ च्या त्याच्या पहिल्या कोडक कॅमेऱ्यांत अशीच कागदाची गुंडाळी होती, आणि चित्र उमटल्यावर तो लेप कागदावरून सोलून घ्यावा लागे. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८८९ सालीं, त्याच्या कंपनीनें पारदर्शक सेल्युलॉइडची लवचिक पट्टी विकावयास काढली. कांच गुंडाळतां येत नाहीं, पट्टी येते. या एका फरकावर पुढें सर्व चित्रपटसृष्टि उभी राहिली. दादासाहेब फाळके यांनीं इ. स. १९१३ मध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आणला, तो अशाच लवचिक पट्टीमुळें शक्य झाला. कांचेच्या तबकड्यांवर घोडा धांवतांना दाखविणें फार झालें तर कांहीं क्षण साधलें असतें. हरिश्चंद्राची संपूर्ण कथा सांगणें साधलें नसतें.

या घटनेनंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं, इ. स. १९८७ मध्यें, त्याच ईस्टमन कोडक कंपनीच्या रॉचेस्टर येथील प्रयोगशाळेंत काम करणारे चिंग टांग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक या दोघांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. टांग हे मूळचे हाँगकाँगचे. सेंद्रिय पदार्थांमधून, म्हणजे कर्बाच्या संयुगांमधून, वीज खेळविली असतां उजेड निघतो ही गोष्ट त्यापूर्वींच माहीत होती. फ्रान्समधील आंद्रे बर्नानोझ यांनीं १९५० नंतरच्या दशकांत तसे प्रयोग केले होते, आणि १९६३ सालीं न्यूयॉर्कमध्यें मार्टिन पोप व त्यांचे सहकारी यांनीं अँथ्रासीन नांवाच्या पदार्थाच्या स्फटिकांतून प्रकाश मिळविला होता. पण त्या स्फटिकांना सुमारें ४०० व्होल्टचा दाब लागे. असल्या दिव्याचा संसारांत काय उपयोग? टांग व व्हॅन स्लाइक यांनीं स्फटिक सोडून देऊन दोन निरनिराळ्या पदार्थांचे अत्यंत पातळ थर एकावर एक बसविले. प्रत्येक थर मनुष्याच्या केंसाच्या पांचशेव्या हिश्शाएवढाहि जाड नव्हता. तेव्हां दहा व्होल्टांपेक्षां कमी दाबावर चांगला स्पष्ट प्रकाश पडूं लागला.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. चारशें व्होल्टांचे दहा झाले ते कोणत्या अद्‌भुत शक्तीनें नव्हे. थर पातळ केले व योग्य पदार्थांची जोडी जमविली म्हणून झाले. पातळपणा हा या कथेचा नायक आहे आणि तो पुढें पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

वांकणारा पहिला दिवा

दुसरीकडे प्लास्टिकविषयींच्या समजुतींनाच धक्का बसला होता. प्लास्टिक म्हणजे वीज अडविणारा पदार्थ, म्हणूनच विजेच्या तारांवर त्याचें वेष्टन. परंतु जपानमधील हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेंत एका पाहुण्या संशोधकाकडून चुकून ठरल्याच्या हजारपट उत्प्रेरक मिश्रणांत पडलें, आणि भुकटीऐवजीं चांदीसारखा चमकणारा पापुद्रा तयार झाला. पुढें १९७७ सालीं शिराकावा, अॅलन हीगर व अॅलन मॅक्‌डायर्मिड या तिघांनीं अशा पापुद्र्यांतून वीज चांगल्या रीतीनें वाहूं शकते हें दाखवून दिलें. या कार्याबद्दल तिघांस इ. स. २००० चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. १९९० सालीं केंब्रिज येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत जेरेमी बरोज, डोनल ब्रॅडली, रिचर्ड फ्रेंड व त्यांचे सहकारी यांनीं याच जातीच्या एका प्लास्टिकमधून प्रकाश काढला. आणि १९९२ सालीं हीगर व त्यांच्या मंडळीनें कॅलिफोर्नियांत प्लास्टिकच्या पत्र्यावर तसाच दिवा बनविला, तो वांकविला, आणि तो तेवतच राहिला.

येथें एक सूक्ष्म भेद सांगून ठेवणें अवश्य आहे. आजच्या फोनांतील प्रकाश हा बहुतांशीं केंब्रिजच्या प्लास्टिकचा वंशज नव्हे. तो टांग व व्हॅन स्लाइक यांच्या लहान रेणूंच्या थरांचा वंशज आहे. मात्र त्या थरांस प्लास्टिकच्या पायावर बसवून वांकवितां येईल, ही आशा १९९२ च्या त्या लहानशा दिव्यानें दृढ केली. जुन्या पद्धतीच्या द्रवस्फटिकाच्या पडद्यांत ती सोय नाहीं. त्यांत स्वतःचा प्रकाश नसतो. पाठीमागें दिवा लावावा लागतो आणि दोन कांचांमधील फट सर्वत्र अगदीं सारखी राखावी लागते. असा पडदा वांकविला कीं फट बिघडते व चित्र विटतें. स्वयंप्रकाशी थरांस पाठीमागील दिव्याचीहि गरज नाहीं आणि त्या फटीचीहि नाहीं.

पाटा, लोणचें आणि पुठ्ठा

मग घोडें अडलें कोठें? तें अडलें तीन अगदीं घरगुती ठिकाणीं.

पहिली अडचण पाट्याची. पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याला चालू व बंद करणारें सूक्ष्म विद्युत्‌मंडल त्याच्या खालीं असावें लागतें, आणि तें तयार करतांना कित्येक शें अंशांची उष्णता द्यावी लागते. साधें प्लास्टिक तेवढ्या उष्णतेंत वितळून जाईल. त्यासाठीं पॉलिइमाइड नांवाचें पिंवळसर, उष्णता सोसणारें प्लास्टिक उपयोगीं पडलें. तें ड्यू पाँट कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांत बाजारांत आणलें होतें आणि चंद्रावर गेलेल्या यानांच्या वेष्टनांतहि त्याचा वापर झाला होता. पण पातळ प्लास्टिक भट्टींत सरळ, सपाट कसें राहावें? त्यावर कारखानदारांनीं काढलेली युक्ति आपल्या स्वयंपाकघरांतील पानगीची आठवण करून देते. केळीच्या पानावर पीठ थापावें, भाजावें, आणि मग पान सोलून काढावें; तसें कांचेच्या जाड पाट्यावर पॉलिइमाइडचें द्रावण पसरावयाचें, तें घट्ट करावयाचें, त्यावर सर्व मंडल व प्रकाशाचे थर उभारावयाचे, आणि शेवटीं कांचेच्या बाजूनें लेसर किरण टाकून पडदा अलगद सोडवून घ्यावयाचा. कांच मागें राहते, पडदा पुढें जातो. ईस्टमनच्या कागदावरून सोलावयाच्या लेपाचाच हा नातू म्हणावयाचा!

दुसरी अडचण दमट हवेची. हे प्रकाश देणारे पदार्थ अतिशय नाजूक. ओलावा आणि प्राणवायु यांचा थोडा स्पर्श झाला तरी त्यांवर काळे डाग पडतात. कठीण पडद्यांत वर कांचेचें झांकण घालून काम भागत असे. वांकणाऱ्या पडद्यास तें झांकण घालतां येईना. आपल्या गृहिणी लोणच्यावर तेलाचा थर देऊन हवा बाहेर ठेवितात. त्याच न्यायानें पडद्यावर आळीपाळीनें एक कठीण व एक मऊ असे पातळ थर चढविण्यांत आले. कठीण थर ओलावा अडवितो, आणि त्याला एखादें सूक्ष्म छिद्र राहिलेंच तर मऊ थर तें पुढील थराच्या छिद्राशीं जुळूं देत नाहीं.

तिसरी अडचण खुद्द वांकण्याची. आणि ती नीट समजून घेणाऱ्यास सर्व मर्म कळलें असें म्हणावयास हरकत नाहीं. कोणतीहि वस्तु वांकली कीं तिची बाहेरची बाजू ताणली जाते व आंतली दाबली जाते. दोहोंच्या मध्यें एक पातळी अशी असते कीं, तिला ताणहि नाहीं व दाबहि नाहीं. वस्तु जितकी जाड, तितकी तिची बाहेरील बाजू या मध्यपातळीपासून दूर, आणि तितका ताण अधिक. सुताराच्या रंध्याखालून निघालेली लांकडाची पातळ साल वेटोळें घालून पडते. त्याच लांकडाची फळी तशी वांकवूं गेल्यास कडाडून मोडते. लांकूड तेंच, गुण निराळा. अर्थात् लवचिकपणा हा मऊपणाचाच गुण आहे असें नव्हे. तो पातळपणाचाहि गुण आहे.

पण फोनाचा पडदा एका थराचा नसतो. त्यांत अनेक थर असतात. शंभर पानांची वही सहज वांकते, कारण तिचीं पानें एकमेकांवरून किंचित् सरकतात. तींच शंभर पानें खळ लावून चिकटवलीं तर त्यांचा पुठ्ठा होतो आणि तो वांकेनासा होतो. म्हणून या पडद्यांत प्रत्येक दोन थरांमध्यें असा डिंक हवा, जो थरांना धरून ठेवील पण त्यांना सरकूंहि देईल. जो घडी उलगडतांच त्यांना पूर्वस्थळीं आणील. आणि जो कांचेसारखा निर्मळ असेल. प्रकाशाच्या शोधास मोठमोठीं पारितोषिकें मिळालीं. या डिंकाचें नांव कोणी घेत नाहीं. परंतु डिंक नसता तर तो प्रकाश प्रयोगशाळेच्या कपाटांतच राहिला असता.

ज्यांना घाई झाली ते

इतिहासांत जे यशस्वी झाले त्यांचींच नांवें राहतात. पण जे आधीं निघाले आणि वाटेंत पडले त्यांच्यावांचून कथा अपुरी राहते. हॉलंडमधील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेंतून निघालेल्या ‘पॉलिमर व्हिजन’ या संस्थेनें ‘रीडियस’ नांवाचें एक खिशांत मावणारें यंत्र तयार केलें होतें. त्याचा पांच इंचांचा पडदा यंत्राभोंवतीं गुंडाळलेला असे व वाचतेवेळीं उलगडतां येई. पण तें प्रत्यक्ष विक्रीस येण्यापूर्वींच, १९०० च्या शतकांत नव्हे तर अगदीं अलीकडे २००९ सालीं, त्या संस्थेचें दिवाळें निघालें. २००८ सालीं नोकिया कंपनीनें केंब्रिज विद्यापीठाच्या साह्यानें ‘मॉर्फ’ नांवाच्या वांकणाऱ्या फोनाचें कल्पनाचित्र जगापुढें मांडलें. तें न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत प्रदर्शित झालें. वस्तु म्हणून तें कधींच अवतरलें नाहीं. २०१३ सालीं सॅमसंग व एल्‌जी या दोन कोरियन कंपन्यांनीं पडद्याला बांक दिलेले फोन विकावयास काढले. पण ती वांकलेली वस्तु होती, वांकणारी नव्हे. कमान आणि कंबर यांत जेवढा फरक, तेवढाच येथेंहि होता.

अखेर ३१ ऑक्टोबर २०१८ रोजीं चीनमधील रोयोल या तरुण कंपनीनें ‘फ्लेक्सपाय’ हा घडीचा फोन जाहीर केला, आणि त्यानंतर आठवड्याभरानें सॅमसंगनें सॅन फ्रान्सिस्को येथें मंद केलेल्या दिव्यांच्या उजेडांत आपल्या घडीच्या पडद्याचें ओझरतें दर्शन घडविलें. रोयोलला पहिलेपणाचा मान मिळाला, पण तो तिला पचला नाहीं. पुढें थोड्याच वर्षांत ती कर्जाच्या गर्तेंत सांपडून दिवाळखोरीस पोंचली. शर्यतींत पहिलें येणें आणि संसारांत टिकणें या दोन निराळ्या विद्या आहेत.

एप्रिल २०१९

सॅमसंगचा ‘गॅलॅक्सी फोल्ड’ २० फेब्रुवारी २०१९ रोजीं जाहीर झाला. उघडल्यावर पडदा ७.३ इंचांचा, किंमत १,९८० डॉलर, आणि विक्रीचा दिवस २६ एप्रिल. फोन दोन लक्ष वेळां मिटला व उघडला तरी चालेल, अशी कंपनीची ग्वाही होती. दिवसांतून शंभर वेळां उघडझांप केली तर पांच वर्षांत सुमारें एक लक्ष ब्यांशीं हजार वेळां होते. तेव्हां हा हिशेब पुरेसा दिसत होता. यंत्राच्या हातांनीं फोन अहोरात्र मिटून व उघडून ही परीक्षा घेण्यांत आली होती.

विक्रीपूर्वीं कांहीं समीक्षकांकडे फोन धाडण्यांत आले, आणि दोनचार दिवसांतच त्यांतील कांहीं बिघडले. कारणें ऐकून मनुष्य थक्क होतो. नव्या वस्तूवर आलेला पापुद्रा सोलून टाकावा ही आपणां सर्वांची संवय; कांहीं समीक्षकांनीं पडद्यावरील पापुद्रा त्याच संवयीनें सोलला. तो वेष्टनाचा भाग नसून पडद्याचें आवश्यक आवरणच होतें. तें निघतांच पडदा गेला. दुसऱ्या एका फोनांत बिजागरीच्या फटींतून एखादा बारीक कण आंत शिरला व पडद्याखालीं उंचवटा आला. २२ एप्रिलला कंपनीनें विक्री पुढें ढकलली.

या घटनेंत आम्हांस इतिहासाचा मोठा धडा दिसतो. चौतीस वर्षें नव्हे, पुरतीं बत्तीस वर्षें ज्या प्रकाशाच्या थरांवर शास्त्रज्ञांनीं श्रम केले, ते थर येथें चुकले नाहींत. चुकला तो एक पापुद्रा आणि एक फट. दोन लक्ष घड्यांची परीक्षा खरीच होती. पण परीक्षा घेणाऱ्या यंत्राच्या खिशांत किल्ल्या नसतात, त्याच्या बोटांना वाळू लागलेली नसते, आणि त्याला नखानें पापुद्रा सोलण्याचा मोहहि होत नाहीं. मनुष्य हा यंत्राहून फार कठोर परीक्षक आहे, तो त्याच्या विसराळूपणामुळें व त्याच्या संवयींमुळें. कंपनीनें पापुद्र्याच्या कडा चौकटीखालीं नेऊन दडविल्या, बिजागरीच्या दोन्ही टोकांस टोप्या बसविल्या, पडद्याखालीं धातूचा आधार वाढविला, आणि त्या वर्षाच्या सप्टेंबरांत तोच फोन कोरियांत विकावयास आणला. ऑक्टोबरांत तो भारतांत आला. किंमत १,६४,९९९ रुपये.

कांचेचें पुनरागमन

पुढची पायरी कोणास सुचलीच नसती अशी आहे. पहिल्या फोनाचा पृष्ठभाग प्लास्टिकचा होता, आणि तो नखानेंहि ओरखडला जाई. फेब्रुवारी २०२० मध्यें आलेल्या, डबीसारख्या मिटणाऱ्या ‘झेड फ्लिप’ फोनांत त्या प्लास्टिकखालीं खरी कांच घालण्यांत आली. जर्मनीच्या शॉट कंपनीची ही कांच अवघी ३० मायक्रॉन जाड होती, म्हणजे केंसाच्या निम्म्याइतकीहि नाहीं. एवढ्या पातळ कांचेची घडी दीड मिलिमीटर त्रिज्येची घातली तरी तिच्या बाहेरील बाजूवर सुमारें एक टक्काच ताण येतो. आणि विशेष रीतीनें कडक केलेली कांच तेवढा ताण सोसते. तीच कांच एक मिलिमीटर जाड असती, तर तेवढ्याच ताणांत तिला पांच सेंटिमीटर त्रिज्येपेक्षां अधिक वांकवितां आलें नसतें. छायाचित्रणांत कांच गेली तेव्हां लवचिकपणा आला. येथें लवचिकपणा आल्यावर कांच परत आली. जिला आपण ठिसूळपणाची मूर्ति समजत होतों, तीच पुरेशी पातळ होतांच वेलीसारखी वांकूं लागली.

यानंतरची प्रगति हळूहळू पण निश्चित झाली. २०२१ च्या फोनांत पाण्यापासून संरक्षण आलें. धुळीपासून संपूर्ण संरक्षणाची ग्वाही देणारा घडीचा फोन गूगलनें २०२५ सालीं आणला. बिजागऱ्या अशा घडविण्यांत आल्या कीं, मिटतांना पडदा चिमटला न जातां आंत थेंबाच्या आकाराचा वळसा घेतो व घडीची रेघ पुसट राहते. १० सप्टेंबर २०२४ रोजीं हुआवे कंपनीनें दोन घड्यांचा, उघडल्यावर १०.२ इंचांचा फोन जाहीर केला. आणि २०१९ सालीं मिटल्यावर बिजागरीपाशीं १७.१ मिलिमीटर जाड असलेला सॅमसंगचा फोन २०२५ सालीं ८.९ मिलिमीटरांवर आला. येथेंहि नायक तोच : पातळपणा.

संसारांतील स्थान

आतां साहजिक प्रश्न असा कीं, एवढ्या खटाटोपाचें फळ काय? भपका वजा जातां उरणारा उपयोग आम्हांस तीन प्रकारचा दिसतो. पहिला वाचनाचा. जुन्या ग्रंथाचें किंवा मासिकाचें छायाचित्रित पान साध्या फोनावर वाचूं गेल्यास प्रत्येक ओळीला पान इकडून तिकडे सरकवावें लागतें. उघडलेल्या घडीच्या पडद्यावर अक्षर बरेंच मोठें दिसतें व ओळ अखंड राहते. ज्यांचे डोळे थकले आहेत त्यांना हा उपयोग क्षुल्लक वाटणार नाहीं. दुसरा उभें राहण्याचा. अर्धवट उघडलेला फोन मेजावर आपल्या पायांवर उभा राहतो. परदेशीं असलेल्या नातवाशीं बोलतांना आजीला तो हातांत धरून ठेवावा लागत नाहीं, आणि ओट्यावर ठेवून कृति वाचीत पुरणाला हात घालतां येतो. तिसरा दोन गोष्टी शेजारीं ठेवण्याचा : विद्यार्थ्यानें एकीकडे व्याख्यान पाहावें व दुसरीकडे टांचण करावें, दुकानदारानें एकीकडे मागणीपत्र व दुसरीकडे हिशेब ठेवावा. आणि डबीसारख्या लहान फोनाचा गुण याच्या उलट. तो मिटला कीं सदऱ्याच्या वरच्या खिशांत किंवा बायकांच्या छोट्या पिशवींत सुखानें मावतो.

पण दुसरी बाजू न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. मध्यमवर्गीय कुटुंबास मोठ्या पडद्याच्या घडीच्या फोनाची किंमत अद्यापि छाती दडपून टाकणारी आहे. आंतला पडदा फुटला तर दुरुस्तीचा खर्च इतका येतो कीं, त्यांत एखादा चांगला साधा फोन मिळावा. तालुक्याच्या गांवीं बसलेला कसबी कारागीर साध्या फोनाचा पडदा अर्ध्या तासांत बदलून देतो. घडीच्या पडद्यापुढें तो हात जोडतो. सॅमसंगचे भारतांत विकले जाणारे घडीचे फोन नोएडा येथील कारखान्यांत जुळविले जाऊं लागले, ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु वस्तु जवळ जुळविली जाणें आणि ती जवळ दुरुस्त होणें यांत अंतर आहे. ज्या दिवशीं तें अंतर मिटेल, त्या दिवशीं ही वस्तु आपल्या संसाराची झाली असें म्हणतां येईल.

पहिल्या मनुष्यानें पाहिलेला दिवा वांकला, यानें शास्त्रज्ञाचें काम पुरें झालें होतें. पण संसारांत येणाऱ्या वस्तूची परीक्षा त्यानंतर सुरू होते, आणि ती परीक्षा पापुद्रा, डिंक, बिजागरी व धूळ असले सामान्य परीक्षक घेतात. आपल्या भाषेंत नवें वस्त्र प्रथम नेसण्यास ‘घडी मोडणें’ म्हणतात, आणि विस्कळित संसार मार्गीं लागला म्हणजे त्याची ‘घडी बसली’ असें म्हणतात. घडी मोडण्यास एक क्षण पुरतो. ती बसण्यास वर्षें लागतात. त्या निवृत्त शिक्षकांच्या प्रश्नाला आज एवढेंच उत्तर देतां येईल कीं, जुन्या पत्राप्रमाणें याचाहि अंत बहुधा घडीवरच होईल. परंतु तो दिवस दूर ढकलण्यासाठीं तीसबत्तीस वर्षें पुष्कळांनीं डोळे शिणविले आहेत. ते गृहस्थ अजून रोज सकाळीं तो फोन उघडतात, त्या रेघेवरून एकदां बोट फिरवितात, आणि मग वाचावयास बसतात.